अ ते ह

शकूताईंनी रोजच्यासारखे हात पुढे केले नाहीत. अपूर्वा दारात स्वरालीला कडेवर घेऊन उभी राहिली. कुर्त्याच्या खांद्यावर दुधाचा डाग होता, तोही कालचाच. तो झाकायला ओढणी ओढावी, तर पोरीने ओढणी तोंडात धरलेली.

"ताई, आजच्या दिवस ठिवते हिला," शकूताई म्हणाल्या. "उद्यापासनं पाळणाघर बंद."

अपूर्वाला आधी वाटलं, आपण अर्धवट झोपेत काहीतरी भलतंच ऐकलं. वाघोलीत कॉलेजच्या जवळ हे एकच पाळणाघर. दुसरं येरवड्याला. तिकडे बाळ सोडून उलटं इकडे यायचं, म्हणजे पहिलं लेक्चर रोज बुडणार. रजेवरून परत येऊन महिना झाला नाही तोच राजीनामा लिहायचा, एवढाच त्याचा अर्थ.

"अहो, पण झालं काय?"

शकूताईंनी फोन पुढे केला. गावातल्या घरगुती व्यवसायांची यादी करणारी एक वेबसाइट होती. आपलं पाळणाघर त्यात असावं म्हणून त्यांनी काल स्वतः नाव टाकलं होतं. खाली लाल अक्षरांत उत्तर आलं होतं : आपले नाव अवैध आहे.

"अवैध म्हंजी बेकायदा. मला वाचता येतंय," त्या म्हणाल्या. "मागल्या साली रस्त्याकडंची टपरी उचलली, तवा नोटिशीवर ह्योच शबुद व्हता. गाडी येऊन पाळणे उचलाय लागली, तर लेकरांना घिऊन मी कुटं पळू?"

अपूर्वाने वेबसाइटचं नाव पुन्हा वाचलं. ती तिच्याच वर्गातल्या मुलांनी बनवली होती. प्रोजेक्टला पैकीच्या पैकी गुण तिनेच दिले होते.

"ही सरकारी नाही हो. आमच्या मुलांनी केलीय."

"मंग सरकारवानी का बोलती?"

अपूर्वाने स्वरालीला त्यांच्याकडे दिलं आणि ती कॉलेजला निघाली.

वेबसाइट बनवणाऱ्यांपैकी वरद लॅबमध्येच सापडला. हुशार मुलगा, कायम कानात काहीतरी घातलेला.

"मॅम, टेस्ट केलं होतं. माझं नाव टाकून. लगेच घेतलं."

तिने त्याने लिहिलेला नियम पाहिला. नावात फक्त मराठी अक्षरं चालतील, अ पासून ह पर्यंत. शाळेच्या तक्त्यावर असतात तशी. पण कंप्युटर काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातली पाय मोडल्याची खूण, सगळं वेगळं मोजतो आणि त्यांची जागा ह च्या पुढे असते. वरद या नावाला काना नाही, मात्रा नाही. ते सुळकन आत गेलं. शकूचा ऊकार दारातच अडला.

"आणि हे अवैध कुणी लिहिलं?"

"इनव्हॅलिडचं ट्रान्सलेशन आहे, मॅम. टूलने दिलं."

"तू वाचलं होतंस?"

"रेड नीट दिसतोय का, ते चेक केलं होतं."

रागवायला अंगात जोर हवा. "दुपारी दुरुस्त कर," एवढंच म्हणून ती बैठकीला गेली. वेब डेव्हलपमेंटच्या नव्या पदवीत काय शिकवायचं, ते आज ठरायचं होतं.

फळा सॉफ्टवेअरच्या साधनांच्या नावांनी भरला होता. अपूर्वाने सुचवलेला पेपर सगळ्यात खाली, प्रश्नचिन्हासह : वापरणाऱ्याशी बोलणं.

"अपूर्वा मॅडम," विभागप्रमुख शरच्चंद्र सर म्हणाले, "हा आपण मराठी विभागाला देऊ. त्यांनाही जरा काम होईल."

"सर, ही मुलं बाहेर पडेपर्यंत वरची निम्मी नावं पुसावी लागतील. शकूताई मात्र तिथेच असतील."

"कोण शकूताई?"

"माझी मुलगी सांभाळतात. मी आज इथे बसलेय ती त्यांच्यामुळे. उद्याचं माहीत नाही." तिने फोन त्यांच्यापुढे सरकवला. "तुमचं नाव टाकून बघा ना."

सरांनी एका बोटाने, जोडाक्षरं शोधत, नाव टाकलं. लाल अक्षरं आली. ती त्यांनी चष्मा वर करून वाचली.

"निवृत्तीआधी कळलं, हे बरं झालं," ते म्हणाले. मग फळ्याकडे वळले. "पूर्ण पेपर नाही मिळायचा. एका युनिटमध्ये सहा तास घ्या. गुण नाहीत."

"गुण नसले तर कोणी बसणार नाही, सर."

"दहा."

तिने मान डोलावली. वीस मागायला हवे होते, हे तिला जिन्यात आठवलं.

नियम वरदने दुरुस्त केला. "मेसेज काय टाकू, मॅम?" त्याने विचारलं, आणि ती कोऱ्या पडद्यापुढे कितीतरी वेळ बसली. लिहिलं, खोडलं. शेवटी शकूताई समोर बसल्यात असं समजून लिहिलं.

संध्याकाळी स्वराली शकूताईंच्या मांडीवर झोपली होती. अपूर्वा शेजारी फरशीवरच टेकली.

"परत एकदा टाकता का नाव?"

नको नको म्हणत त्यांनी टाकलं. पोरीच्या डोक्याखालचा हात न काढता, एका अंगठ्याने. त्यात आकडा दाबला गेला. खाली ओळ आली. त्यांनी ती मोठ्याने, सावकाश वाचली, "नावात चुकून आकडा आलेला दिसतो. तेवढा काढला की पुढे जाता येईल."

"हां," त्या म्हणाल्या. "आसं बोलावं की मानसाशी."

आकडा काढला. नाव यादीत आलं : शकू, पाळणाघर.

"गाडी न्हाई ना यायची?"

"नाही हो. कुणीही येणार नाही."

शकूताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, खांद्यावरच्या डागासकट. "घटकाभर टेका भिंतीला. पोर उठंस्तवर."

अपूर्वाने पाठ टेकली. डोळे मिटत आले, तेव्हा तिला ऐकू आलं, "आन् उद्या दुपटी जास्त आणा. दोनच देता, पुरत न्हाईत."