काकांना विचारा

मित्रांनो, पाणीखात्याच्या नकाशाखोलीत टेबलाखाली जो खोका घरघरतो ना, तो मी. मी एक जुना संगणक आहे. गावभरच्या नळांचा नकाशा अकरा वर्षं माझ्या पोटात होता.

तो भरला नकाशेवाल्या ताईंनी. शेजारच्या स्टुलावर चावीकाका बसायचे. रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्यात त्यांचा जन्म गेला. नकाशावर प्रत्येक व्हॉल्व्हचं एक टिंब आणि टिंबापुढे शेऱ्याचा रकाना. घाई असली की ताई त्यात लिहायच्या, 'काकांना विचारा'.

"लिहा, लिहा. मी कुठे पळून चाललोय?" काका हसायचे. त्या दुपारी मला फार सुखाच्या वाटत.

पुढे मी अडखळू लागलो. साहेब म्हणाले, "हा बसला तर नकाशाही बसेल. नवा संगणक घेऊ, आणि नकाशा ठेवायला चांगला डेटाबेस बघा." मग ताई स्थळं पाहावीत तसे पर्याय पाहू लागल्या, आणि तेही माझ्याच पडद्यावर! एक महागडा, माणशी दरवर्षी पैसे मोजायचे. दुसरा फुकट, पण त्याला वेगळा सर्व्हर आणि सांभाळायला माणूस हवा. तिसरा फुकट आणि साधा, पण एका वेळी एकानेच लिहायचं.

ताईंनी माझी माहिती तिन्हींत भरून पाहिली. तिन्हींत एकसष्ट टिंबांपुढे तेच उमटलं, 'काकांना विचारा'. आणि काका आठ दिवसांनी निवृत्त होऊन लेकीकडे परगावी जाणार होते.

ताईंनी कपाळाला हात लावला. "साहेब, कितीही महाग घेतला तरी त्यात काका येणार नाहीत हो. साधाच घेऊ, लिहिणारी मी एकटीच आहे. मला फक्त काकांबरोबर फिरू द्या."

रोज संध्याकाळी दोघं धुळीने माखून परत येत आणि रकाने भरत. 'हा उलटा फिरतो.' 'झाकण शिंप्याच्या पायरीखाली.' साठ भरले. एकसष्टाव्यापाशी काकांनी मान हलवली.

"हा कुणाचं पाणी तोडतो, मलाही ठाऊक नाही. माझ्या उस्तादांना विचारायचं राहूनच गेलं."

ताईंनी तिथे तेवढंच लिहिलं, 'विचारायचं राहिलं'.

आता नकाशा नव्या संगणकात गेला. स्टूल मात्र माझ्याशेजारीच आहे. ते जरा करकरलं की काका आले असं वाटतं, आणि जीव कासावीस होतो.

मित्रांनो, जुने संगणक खुशाल बदला. पण ज्यांना काही विचारायचंय, त्यांना आजच विचारा. "काका, परत कधी याल?" एवढंच मला विचारायचं होतं. मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.