चौथ्या पडद्यावरची नोकरी

मी चिमटा. कपडे वाळत घालायचा नव्हे, गिटारचा. शहाणी माणसं मला कॅपो म्हणतात. गिटारच्या मानेवर सहा तारा दाबून बसायचं, एवढंच माझं काम. मानेवर धातूच्या आडव्या काड्या असतात, ते पडदे; मला जितके पडदे पुढे सरकवाल तितकी गाण्याची पट्टी चढते. गाणाऱ्याचा गळा चढतो की नाही, ते माझ्या खात्यात येत नाही.

मला दोघी बहिणींनी मिळून आणलं. गायच्या दोघी, पट्टी मात्र थोरलीची. तिनं चौथ्या पडद्याशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला आणि धाकटीला बजावलं, "इथून हलवायचा नाही." अकरा वर्षं मी हललो नाही. इतकं स्थैर्य सरकारी खुर्चीतही नसतं.

थोरली लग्न होऊन गेली, तिचं गाणं सुटलं. ठिपका राहिला. धाकटी दवाखान्यात फोन घेते. तिचा आवाज मुळातच खर्जातला. पलीकडून लोक तिला "साहेब" म्हणतात. तरी घरी ती ताईच्याच पट्टीत गायची. तिसऱ्या ओळीत वरचा सूर आला की आवाज फाटायचा. दोष ती स्वतःला द्यायची. हाताशी इतका सोयीचा चिमटा असताना!

गेल्या वर्षी तिनं मला एक पडदा खाली आणलं. घाबरत, दार लावून. दोन महिन्यांनी आणखी एक. शेवटी एका दुपारी मी टेबलावर आणि ती गातेय! तिसरी ओळ अखंड गेली. ती भिंतीला टेकून कितीतरी वेळ बसून राहिली. माझी नोकरी मात्र धोक्यात आली.

मग सभागृहात तिचा एकटीचा पहिला कार्यक्रम ठरला. "आज आवाज फाटला तर गाणं कायमचं बंद," असं तिनं सकाळी आरशाला सांगितलं. मी ऐकलं.

कार्यक्रमाआधी रंगमंचामागे ताई आली. "हे काय, चिमटा कुठंय? पुरुषासारखं गाणारेस का?" म्हणत तिनं मला गिटारच्या पेटीतून काढून ठिपक्यापाशी बसवलं. "लोक आपलं गाणं ऐकायला आलेत, बाई." धाकटी गिटार उचलून रंगमंचावर गेली.

ती गाऊ लागली. पहिली ओळ निघाली, ताईच्या पट्टीत. दुसरी. गळ्याची शीर टरारून फुगली. पहिल्या रांगेत ताई ओठ हलवत होती. तिसरी ओळ तोंडाशी आली.

आणि ती थांबली.

खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं, अशा वेळी कुणीतरी खोकतंच. तिनं मला काढलं आणि गिटारच्या शेंड्याला अडकवलं. तिथं तारांशी माझा काही संबंध येत नाही.

"माफ करा," ती म्हणाली. "पुन्हा सुरू करते. माझ्या आवाजात."

तिसरी ओळ आली आणि गेली. तिनं डोळेसुद्धा मिटले नाहीत.

नंतर ताई म्हणाली, "तिसरी ओळ फारच खाली गेली गं."

"हो ताई. ती तिथंच राहते," धाकटी म्हणाली आणि शांतपणे गिटार पुसू लागली.

हल्ली माझा मुक्काम शेंड्यावरच. कधी मौज म्हणून तिला वर चढावंसं वाटलं, तर बोलावते. एरवी बसून ऐकतो. तुमच्याही मानेवर असा कुणी चिमटा असेल, तर एकदा काढून पाहा. त्याला वाईट वाटेल. वाटू द्या.