नावानं हाक

"नाम क्या है इसका?" पाद्र्यानं विचारलं, आणि भागाबाईची पंचाईत झाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? शेजारच्या मैनाबाईनंच सांगून टाकलं, "तेजराम."

पावर हाउस वस्तीच्या बाजारामागे ताडपत्रीच्या मांडवात आजाऱ्यांसाठी प्रार्थना चालली होती. तेजराम अंगानं धडधाकट होता, पण तीन आठवडे मुका. कारखान्याच्या बांधकामावर त्याचा जोडीदार शामसुंदर परांचीवरून पडून मेला, तो याच्याच हातातून निसटून. तेव्हापासून तोंडून शब्द नाही. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, धसका घेतलाय. ठेकेदार म्हणाला, सोमवारपर्यंत वाट पाहीन.

पाद्री दयाराम पन्नाशीचा, सावळा, इथलाच, छत्तीसगढचा. त्यानं तेजरामच्या कपाळाला तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला, येशूची करुणा भाकली आणि कानाशी वाकून हाक मारली, "तेजराम, लौट आ!"

भागाबाईच्या अंगावर काटा आला. हे तर तिच्या आईचं! आई गावच्या मालगुजाराकडे, जमीनदाराकडे, पिढीजात वेठीला बांधलेली. तिथल्या गड्यांना नावानं कुणी बोलवत नसे. 'ए काळ्या' म्हटलं की धावायचं. वैद्य त्यांच्या झोपडीकडे फिरकत नसे. कुणी आजारी पडलं की आई असंच तेल लावी, हात ठेवी आणि नाव घेऊन बोलावी. म्हणे, नाव हरवलं की माणूस हरवते.

तेजराम मात्र तसाच बसून. दयाराम पुढच्या आजाऱ्याकडे वळला, तशी ती आडवी गेली.

"बावाजी, हे तुमी कोठून शिकले? पुस्तकातून?"

दयाराम घुटमळला. "तेल पुस्तक में है, हाथ भी है. पुकारना मेरी दादी का है." त्याचा आवाज खाली आला. "कमिया थी वो. मालिक के घर बंधी हुई. मिशनवाले बोले, छोड़ दे. नहीं छूटा."

"माही माय बी तशीच होती. पन तुमी अर्धीच हाक मारली. बापाचं नाव लागते, गावाचं लागते."

"तो तुम पुकारो, बाई."

"मी? बायकोनं कसं घ्यावं नाव?"

"मैं तो आज मिला हूँ इससे. मेरी क्यों सुनेगा?"

मैनाबाईनं पदर ओढला. "भागा, लोक काय म्हनतीन?"

भागाबाईनं तो सोडवून घेतला. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. हे नाव तिनं मनातसुद्धा घेतलं नव्हतं. पहिल्यांदा नुसते ओठ हलले. मग ती नवऱ्यापुढे बसली, त्याच्या कपाळावर तळवा टेकला.

"तेजराम! धोंडबाच्या पोरा, पिपरटोल्याच्या तेजरामा! ये, घरी ये. आमी वाट पाहून राहिलो."

तिसऱ्या हाकेला त्याचे खांदे हलू लागले.

"सुटला," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हात सुटला त्याचा. म्या नाही सोडला, भागा. म्या नाही सोडला."

"मले मालूम आहे," ती म्हणाली आणि भर मांडवात हसतरडत मातीत बसून राहिली. किती दिवसांनी छातीभर श्वास आला होता! दयारामनं देवाचे आभार मानले. मग तिलाही हात जोडले.

परतताना तेजराम घराकडे वळलाच नाही. तो थेट शामसुंदरच्या दारी गेला. त्याची बायको सिंधुताई तांदूळ पाखडत होती. तेजराम उंबऱ्याबाहेर बसला आणि त्या दिवशी काय झालं ते पहिल्यापासून सांगू लागला. भागाबाई रस्त्यावरच थांबली.

मध्येच तो अडला. सिंधुताईनं सूप बाजूला ठेवलं, आतून पाण्याचा गडवा आणला आणि त्याच्यापुढे सरकवला.