शीळ घालून दाखवा

रुमियातीच्या घराला लागूनच असलेल्या टपरीतल्या फ्रिजात वर तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, मध्ये सरबताच्या बाटल्या आणि सगळ्यात खाली, भाजीच्या खणात, फडक्यात गुंडाळलेला एक डबा असे. त्या डब्याला गिऱ्हाईक तर सोडाच, तिच्या सख्ख्या सुनेनंही हात लावायचा नाही अशी तंबी होती. डब्यात मण्यारीच्या विषावरच्या लशीच्या तीन बाटल्या होत्या.

ती साप पाळणाऱ्या मंडळींची सामाईक ठेव. मंडळी म्हणजे तरी कोण? मुखलिस गवंडी, तेगार मोबाइल दुरुस्त करणारा, रुमियातीचा नवरा वर्दियो सायकलवाला, आणि असेच आणखी चारसहा. धाकटे वर्दियोला मानानं 'पाक' म्हणत आणि रुमियातीला 'बू'; वर्दियोही तिला 'बू'च म्हणे. कुणाच्या घरात साप निघाला की यांना बोलावणं येई, आणि पकडलेला साप यांच्याच घरी काचेच्या पेटीत मुक्कामाला येई. नाग चावला तर सरकारी दवाखान्यात लस मिळायची. मण्यारीची लस मात्र बँकॉकला बनते, इथं नाही. तिच्या एका बाटलीच्या किमतीत चालती मोटरसायकल येते. शिवाय आणणारा माणूस हवा, बर्फाचा थर्मास हवा, विमानतळावरचा साहेब खुशीत हवा. एवढं करून तीन बाटल्या एका माणसाला तरी पुरतील की नाही, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं.

आधी पाच होत्या. गेल्या साली तेगारला मण्यार चावली आणि त्यानं असा आरडाओरडा केला की दवाखान्यात नेऊन दोन बाटल्या घाईघाईनं टोचल्या. नंतर कळलं, सापानं नुसतेच दात लावले होते, विष सोडलंच नव्हतं. असं पुष्कळदा होतं. पण फोडलेली बाटली परत थोडीच भरता येते! तेव्हापासून तेगार दिसला की मुखलिस म्हणायचा, "दोन मोटरसायकली प्यालास लेका, आता तरी जरा जोरात पळ."

त्या वेळी सगळ्यांत जास्त चिडली होती ती रुमियाती. "यापुढे मी खात्री केल्याशिवाय डबा बाहेर निघणार नाही," असं तिनं सगळ्यांसमोर बजावलं. मग रीतच पडली. ज्याला चावेल त्यानं टपरीच्या बाकावर येऊन बसायचं आणि शीळ घालायची. मण्यारीचं विष आधी पापण्या आणि ओठ धरतं. टपरीच्या वाशाला वर्दियोच्या होल्याचा पिंजरा टांगलेला होता. माणसानं शीळ घातली की होला घुमून उत्तर द्यायचा. शीळ निघतेय तोवर डबा फ्रिजात. या रीतीनं दोघांचे दंश कोरडे निघाले आणि तीन बाटल्या वाचल्या. रुमियातीला मनातून त्याचा अभिमानच वाटे.

त्या दिवशी दुपार कलताना वर्दियो हात पुसत टपरीत आला आणि बाकावर बसला.

"चावली," तो म्हणाला. बाहेर भुरभुर सुरू झालीय, असं सांगावं तसं.

"कोण?"

"थोरली. पाणी बदलत होतो. चूक माझीच, तिला काय बोल लावायचा."

बोटांच्या बेचक्यात दोन बारीक ठिपके होते. सूज नाही, रक्त नाही, दुखत तर मुळीच नव्हतं. मण्यारीचं ते तसंच असतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. रुमियातीनं मुखलिसला फोन लावला. तो गाडी घेऊन आला. पाठोपाठ तेगार आला, लेकीला खांद्यावर बसवून.

"या मोटरसायकलवाले," वर्दियोनं त्याचं स्वागत केलं.

"पाक, तुम्हाला चावली तरी तुमची जीभ काही आखडत नाही," तेगार म्हणाला. "घाला बघू शीळ."

वर्दियोनं लांबलचक शीळ घातली. होल्यानं मान फुगवून उत्तर दिलं. तेगारच्या लेकीनं टाळ्या पिटल्या. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि रुमियाती तेम्पे तळायला वळली.

गप्पा रंगल्या. उद्या तेगारला पलीकडच्या वीटभट्टीवर जायचं होतं, तिथं विटांच्या थप्पीखाली मण्यारी निघत होत्या. किती असतील, कुठून शिरल्या असतील, यावर वाद चालला होता. वर्दियो पोरीकडे बघत बसला होता. मध्येच मुखलिसनं विचारलं, "पाक, शीळ?" वर्दियोनं पुन्हा घातली. होला घुमला. आणखी थोड्या वेळानं तेगारनं आठवण केली, तेव्हा वर्दियोनं नुसतं पिंजऱ्याकडे बोट दाखवलं. "पेंगतोय तो. कशाला उठवता बिचाऱ्याला?"

"बघा बू, तुमच्यापेक्षा त्या पाखराचे लाड जास्त!" मुखलिस म्हणाला, आणि सगळे हसले. कढईवर वाकलेली रुमियातीही हसली. ते हसू पुढे तिला फार दिवस छळणार होतं.

तळण उतरवून ती बशी घेऊन वळली. वर्दियोच्या पुढ्यातला चहा तसाच भरलेला होता. हा माणूस चहा कढत असतानाच भुरके मारून संपवायचा. हनुवटीला ओल होती. टोपी कपाळावर ओढलेली, आणि हनुवटी अशी वर उचललेली, जणू काही तो वाशावरची पाल न्याहाळतोय. पापण्या जड झालेलं माणूस असंच बघतं.

तिनं बशी खाली ठेवली.

"शीळ घालून दाखवा."

"अगं, होला..."

"होल्याचं राहू दे. मला घालून दाखवा."

वर्दियोनं ओठ पुढे काढले. नुसती हवा बाहेर आली. फुस्स. मुखलिसला ती थट्टा वाटली, तो मांडीवर थाप मारून हसला. रुमियातीनं तोवर फ्रिज उघडला होता.

डबा मांडीवर घेऊन ती गाडीत मागे बसली, वर्दियोचं डोकं दंडावर धरून. दुसऱ्या अंगाला तेगार. लेकीला त्यानं टपरीत सुनेपाशी ठेवलं होतं. शहरातल्या दवाखान्याशिवाय श्वासाचं यंत्र कुठं नव्हतं, आणि रस्ता काही आपल्या सोयीनं आखडत नाही.

"कधीपासून होतंय?" तिनं विचारलं. "दुसऱ्या शिळेनंतरच ना? का बोलला नाहीत?"

वर्दियोची जीभ जड झाली होती. शब्द चघळल्यासारखे येत होते. "उद्या... भट्टी... याची पोर लहान आहे, बू."

"पाक, माझं काय घेऊन बसलात!" तेगार ओरडला. "मी भट्टीवर गेलोच नसतो!"

वर्दियोनं डब्यावर हात ठेवला. उघडू नको म्हणायचं होतं की लवकर उघड म्हणायचं होतं, ते तिला कळलं नाही. पुढे आयुष्यभर तिनं ते दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं, आणि कुठलीच बाजू पक्की ठरेना.

सेरायू नदीच्या पुलावर त्याची छाती हलायची थांबली. तेगार त्याच्या तोंडाला तोंड लावून फुंकत राहिला, दवाखान्याच्या दारापर्यंत. आतल्या डॉक्टरणीनं बराच वेळ खटपट केली. मग तिनं डबा रुमियातीच्या हातात परत दिला. बाटल्यांची सीलं शाबूत होती.

"थंड जागी ठेवा," ती हळूच म्हणाली. "कुणाच्या तरी उपयोगी पडतील."

रुमियातीनं घरी आल्यावर, अंघोळही करण्याआधी, डबा फडक्यात गुंडाळून भाजीच्या खणात ठेवला. शीळ टाळताना वर्दियोला जे हवं होतं, तसंच झालं होतं.

सातव्या दिवशी दुवा आटोपल्यावर मंडळी वर्दियोचे साप आपापल्या घरी न्यायला जमली. तेगारनं शेवटची पेटी उघडली, धामणीची. धामण बिचारी निर्विष, पण चिडखोर. तिनं त्याच्या मनगटाला कडकडून दात लावले.

"आई गं!" तेगारच्या तोंडून निघालं. रक्ताची बारीक धार लागली.

फ्रिजचं दार वाजलं. रुमियाती डबा छातीशी धरून अंगणात उभी होती. पायात चपला नव्हत्या.

"मुखलिस, गाडी काढ."

"बू," तेगार म्हणाला, "अहो धामण आहे. हिला विषच नसतं. आणि ती लस मण्यारीची..."

"गाडीत बस."

"हवं तर शीळ घालतो, ऐका..."

"शीळ घालू नकोस!" ती ओरडली. तिचा आवाज इतका चढलेला आजवर कुणी ऐकला नव्हता. वाशावरचा होला फडफडला. "कुणी शीळ घालायची नाही. गाडीत बस म्हटलं ना."

मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. साप ओळखण्यात सगळ्यांची हयात गेलेली. ती धामण होती हे प्रत्येकाला दिसत होतं, रुमियातीलाही. तरीही मुखलिसनं खिशातून किल्ली काढली. तेगार मनगट धरून गुमान मागे चढला आणि रुमियातीला बसता यावं म्हणून सरकला.

डबा मांडीवर घेऊन ती बसली. गाडी फाटकातून निघाली तेव्हा मंडळी बाजूला झाली, आणि एकानं, न सांगता, रस्त्यावरचं कुत्रं हाकललं.