देवीच्या वाट्याचं पान

मी एक शब्दकोश बोलतोय. जुन्या ग्रीक शब्दांचे आजच्या ग्रीकमध्ये अर्थ सांगणारा, जाडजूड आणि स्वभावाने पक्का संशयी. कुणी मला उघडलं की मी आधी त्याची बोटं बघतो.

त्याला कारण आहे. थेस्सालोनिकीच्या एका शाळेत मी होतो, तेव्हा परीक्षेच्या सकाळी एका मुलीने माझं एक पान टर्रकन फाडून बाहीत कोंबलं. कुणाला पत्ता लागला नाही. पुढे शाळेने मला जुन्या बाजारात काढलं, तरी मी गप्पच राहिलो. मी फाटका आहे हे कळलं असतं तर थेट रद्दीत गेलो असतो.

मग एव्हान्थिया आली. साठीची, चौदाव्या वर्षी शाळा सुटून शिवणकामाच्या कारखान्यात गेलेली. तिने मला घरी आणून शिलाई मशीनवर ठेवलं, मातीच्या छोट्या अथीना देवीसमोर. शेजारी वाटीत जव, तेलाचा दिवा आणि निखाऱ्यांचं भांडं. निखारे बघून मी पानं घट्ट मिटून घेतली. ही मला वाचायला आणतेय की जाळायला?

तिची थोरली बहीण स्तमाता दर रविवारी चर्चला जाणारी. तिचा संशय वेगळा.

"एव्हान्थे, हे काय खूळ? येशू पुरत नाही का तुला?"

"खूळ नाही गं ताई. देवीला अभ्यास आवडतो. मी दुसरं काय देणार तिला?"

"या वयात अभ्यास! त्या मंडळींनी भुरळ घातलीय तुला. उद्या घर लिहून मागतील, बघ."

ती मंडळी म्हणजे जुन्या देवांना मानणारी आठ-दहा माणसं. चांद्रमासाच्या तिसऱ्या दिवशी, अथीनेच्या दिवशी, ती मेनेलाओस मास्तरांच्या अंगणात जमत. प्रत्येकाने अभ्यासाचं एक पान वाचायचं आणि देवीच्या नावाने अग्नीत टाकायचं. पण पूर्वी व्यंग असलेला पशू बळी देत नसत, तसं चुकीचं पानही चालायचं नाही. एव्हान्थियाचं पान पाच महिने दरवेळी परत येत होतं.

हिचं हे सगळं ढोंग असावं, असं मला वाटे. पण रोज सकाळी हात धुऊन, चिमूटभर जव देवीपुढे टाकून ती मला उघडायची आणि ओठ हलवत एकेक शब्द शोधायची. त्या बोटांत काही खोट सापडेना, याचाच मला राग यायचा.

सहाव्या महिन्यात तिने देवीची एक जुनी स्तुती आजच्या ग्रीकमध्ये आणायला घेतली. त्यातला एक शब्द नेमका माझ्या गेलेल्या पानावरचा. ती दोन दिवस शोधत राहिली. आपल्यासारख्या अडाणी बाईला शोधताच येत नाही, असं तिने धरलं आणि अंदाजाने अर्थ लिहिला.

मंडळींसमोर तिचं पान तपासताना मास्तर त्या शब्दाशी थांबले. "हा अर्थ कुठून आणलास? कोश उघडला होतास का?"

"उघडला होता, मास्तर."

"उघडला असतास तर ही चूक झालीच नसती. आळस एक वेळ चालेल, बाई. देवीपुढे खोटं नको."

मी तिच्या पिशवीतच होतो. दोष माझा होता आणि मान तिची खाली गेली. माझी मलाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी तिने दिवा लावला नाही. मला खोक्यात घातलं. कॉफीला आलेली स्तमाता म्हणाली, "सुटलीस एकदाची! बघू तरी, काय भरलंय यात." तिने संशयाने पान न् पान चाळलं आणि मध्येच थबकली.

"अगं, चारशे बारानंतर एकदम चारशे पंधरा? इथलं पान कुठंय?"

एव्हान्थियाने फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि ती रडायलाच लागली.

"रडतेस काय? त्या मास्तराला नेऊन दाखव! माझ्या बहिणीला खोटारडी म्हणतो म्हणजे काय?"

चार दिवस ग्रंथालयात बसून एव्हान्थियाने तिथल्या याच कोशाच्या प्रतीतून ते पान दोन्ही बाजूंनी उतरवलं. पुढच्या अथीनेच्या दिवशी मास्तरांनी माझी फाटकी कड पाहिली. मग तिचं पान त्यांच्या कोशाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं.

"एकही चूक नाही. माझं चुकलं, एव्हान्थिया. टाक अग्नीत."

तिने हात मागे घेतला. "हे जाळायचं नाही, मास्तर. देवी विद्येची आहे, तशी सुईदोऱ्याचीही आहे."

मग तिथेच बसून तिने ते पान मला शिवलं. ज्या जाळाला मी इतके महिने भ्यालो, त्याच्या तोंडचा घास माझ्या पोटात आला.

आता मी पुन्हा मशीनवर असतो, दिव्याजवळ. संशयी स्वभाव काही गेला नाही, पण आता मी आधी स्वतःवरच संशय घेतो. तुम्हीही कधी मला उघडलंत आणि शब्द सापडला नाही, तर स्वतःला अडाणी म्हणण्याआधी एवढं करा, माझी पानं मोजा.