टेबलावर मावलेले स्टेडियम

मित्रांनो, एक अख्खे स्टेडियम टेबलावर मावलेले तुम्ही कधी पाहिले आहे का? नसेल, तर माझ्याजवळ या. हात लावलात तरी चालेल. आता मला कोणी काचेत ठेवत नाही. मी एका फुटबॉल स्टेडियमची जुनी प्रतिकृती आहे. साहेब लोक मला प्रतिकृती म्हणत, कारागीर मॉडेल म्हणत, आणि एका बाईने मला भर सभेत खेळणे म्हटले. त्याचे मला कधीच वाईट वाटले नाही. का, ते सांगते.

माझा जन्म एका चिंचोळ्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. एका भिंतीला पातळ लाकडाच्या पट्ट्या उभ्या केलेल्या, दुसरीला ॲक्रिलिकच्या शीट टेकवलेल्या, मधे लेसरने कापणारे यंत्र, आणि सगळीकडे जळक्या लाकडाचा वास. तिथे एक बहीण-भाऊ काम करत. कापणे, चिकटवणे, रंगवणे हे ताईचे काम. तारा, दिवे, बटणे हे दादाचे. दोघांचे तोंड एका क्षणासाठीही बंद नसे, पण ताईने चिमटा हातात घेतला की खोली चिडीचूप होई. माझ्या छपराची पाती तिने एकेक करून बसवली. श्वास सुटला तरी पाते हलेल, म्हणून ती श्वास धरून बसवायची. माझे गवत म्हणजे रंगवलेला भुसा. माझी झाडे म्हणजे तांब्याच्या पिळलेल्या तारा आणि त्यांवर स्पंजचा हिरवा चुरा. माझी माणसे मुंगीएवढी.

दादाने पहिल्यांदा दिवे लावले तो क्षण मी अजून विसरलेले नाही. मी आतून उजळले. बाकांच्या ओळींमागे ओळी, त्यांच्यामागे आणखी ओळी, जणू पायऱ्यांचा एक मोठा वाडगा, आणि तळाशी हिरवेगार मैदान. दादाचा स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला.

"ताई, हे खरंच एवढं मोठं होणार?"

"पाचशे पट मोठं."

"बापरे!"

"बापरे काय! डाव्या कोपऱ्यातला दिवा लागला नाहीये तो बघ आधी."

पण तिचाही आवाज बदलला होता. मला ऐकू आले ना.

मित्रांनो, आमच्या जातीच्या मॉडेलची एक रीत असते. एकच मॉडेल दोनदा करतात. एका फळीवर आज काय आहे ते, दुसऱ्या फळीवर उद्या काय होणार ते. टेबलाला चौकट असते, तिच्यात आधी आजची फळी ठेवायची, मग ती काढून उद्याची ठेवायची. बघणाऱ्याच्या तोंडातून 'वा' निघते ते तेव्हाच.

माझ्या उद्याच्या फळीवर नवे स्टेडियम होते, आणि त्याला लागून हॉटेल, दुकानांची उंच इमारत, कारंजे, बाग. आजच्या फळीवर जुने मैदान होते, पत्र्याचा एक पडका स्टँड होता, आणि मैदानाला लागून एक गल्ली. आर्किटेक्ट साहेबांनी ताईला बजावले होते, गल्लीची घरे करत बसू नका, पांढरे ठोकळे चिकटवा. नकाशावर त्या गल्लीला नावही नव्हते. तिच्यावर छापले होते: 'उपलब्ध जागा'.

उपलब्ध जागा! माणसे जिथे जेवतात, भांडतात, झोपतात, पोरांना अंघोळी घालतात, ती जागा कोणाला उपलब्ध? कोणी करून दिली? ज्याने हे दोन शब्द छापले त्याच्या स्वतःच्या घरावर कोणी ते छापले असते, तर त्याने तो कागद टराटरा फाडला असता. पण दुसऱ्याच्या घरावर काहीही छापायला शाई स्वस्त असते.

ताईला ठोकळे पटले नाहीत. ती म्हणाली, "घर आहे का केकचा तुकडा?" तिने कॅमेरा घेतला आणि ती गल्ली बघून आली. आली ती वेगळीच होऊन. त्या गल्लीत गोलच्या जाळ्या विणतात रे, ती दादाला सांगत सुटली. नायलॉनच्या दोऱ्यांच्या. समोरासमोरच्या दारांना लोखंडी आकडे आहेत, त्या आकड्यांना जाळी ताणतात आणि बायका दोन्ही बाजूंनी गाठी मारत मधे येतात. म्हणजे गल्ली हाच त्यांचा कारखाना! मग तिने ती गल्ली केली. दारे, पायऱ्या, पत्रे, सगळे. आकडेसुद्धा. आणि एका जुन्या मच्छरदाणीचा नखाएवढा तुकडा कापून तो दोन दारांमधे ताणला.

आता एक गंमत ऐका. मी तयार झाले, स्टेडियम बांधणाऱ्या मंडळाच्या कार्यालयात जायला निघाले, आणि कारखान्याच्या दारातच अडकले. उभी धरली, आडवी धरली, तिरकी धरली. फळी बाहेर जाईना.

"दार मोजलं होतंस ना?" ताई ओरडली.

"मोजलं होतं की!"

"मोजून मग पाचशेने भागलंस वाटतं?"

शेवटी करवत आणावी लागली. मैदान आणि गल्ली यांच्यामधे रस्ता होता, त्या रस्त्याच्या मधोमध ताईने दोन्ही फळ्या कापल्या. एकाच रेषेत, म्हणजे चौकटीत बसवताना सांधा दिसणार नाही. असे माझे चार तुकडे झाले. मैदानाचे दोन, आजचा आणि उद्याचा. आजूबाजूच्या भागाचे दोन, आजचा आणि उद्याचा. त्या दिवशी मला फार रडू आले. एवढे सुंदर अंग आणि त्यावर करवत!

मग माझे वैभवाचे दिवस आले. मंडळाच्या कार्यालयात, दारातून आत शिरल्याबरोबर दिसेन अशी मला ठेवली. काचेची पेटी, वर दिवा. टाय लावलेली माणसे माझ्याभोवती फिरत, हॉटेलच्या छपराकडे बोट दाखवत, फोटो काढत. आजच्या फळीचे तुकडे मात्र टेबलाखाली खोक्यात पडून होते. उद्या एवढा चकचकीत असताना आज कोणाला बघायचा आहे?

असे चालले असते, तर गल्ली गेलीच असती. पण कायद्याने लोकांची सुनावणी घ्यावी लागते. ती घ्यायची म्हणून घेतली. सभागृहात मला मधोमध ठेवले. गल्लीतली माणसे पुढच्या रांगेत येऊन बसली. त्यांच्यात एक मावशी होती. सगळी गल्ली तिला जाळीवाली मावशी म्हणायची. बोटांना दोऱ्याचे घट्टे, आवाज असा की सभागृहाच्या माइकची गरज नाही. शेजारी तिची जाऊ.

आधी खोक्यातून आजचे दोन तुकडे काढून चौकटीत ठेवले. मावशी खुर्चीतून उठून टेबलाशी आली, वाकली, आणि ओरडलीच.

"अगं बाई! अगं जाऊबाई, इकडे ये! हे माझं दार, हे तुझं! आणि ही आपली जाळी! कोणी केलं गं हे?"

"मी," ताई म्हणाली.

"हात बघू तुझा." मावशीने तिचा हात उलटा-पालटा करून पाहिला. "आमच्यासारखाच आहे की. फुटलेला."

मग मंडळाच्या अध्यक्षांनी खूण केली. ताई-दादांनी जुन्या मैदानाचा तुकडा उचलला आणि त्या जागी नवे स्टेडियम बसवले. दादाने बटण दाबले.

मित्रांनो, मी खूप 'वा' ऐकले होते. टायवाल्यांचे, पत्रकारांचे, पुढाऱ्यांचे. पण त्या बाईने जे केले ते कोणी केले नव्हते. तिने छातीवर हात ठेवला आणि तिचे डोळे माझ्या छपराबरोबर गोल गोल फिरत राहिले. मग म्हणाली, "केवढं गं हे! केवढं! इथं माझी जाळी लागणार?"

आर्किटेक्ट साहेब जवळ उभे होते. ते म्हणाले, "कोणाची तरी लागेलच, मावशी."

"कोणाची तरी का? माझीच लागायला हवी. गोल झाला की तुम्ही बघता चेंडूकडे. मी बघते जाळीकडे. धरला की नाही."

मी थक्क झाले. मला वाटले होते ही माणसे मला शिव्या द्यायला आली आहेत. पण माझ्यावर त्यांच्याइतके कोणी भाळले नव्हते. त्यांना मी हवी होते. फक्त माझ्यासाठी त्यांनी उठून जायचे, एवढेच त्यांना नको होते.

आता ताई-दादांनी गल्लीचा तुकडा उचलायला हात घातले. आणि मावशी म्हणाली, "थांबा."

दोघे थांबले. सभागृहात कोणालाच कळेना काय झाले. मावशीने खाली वाकून माझ्या सांध्यावरून बोट फिरवले. एका बाजूला नवे, उजळलेले, प्रचंड स्टेडियम. दुसऱ्या बाजूला तिची गल्ली, दारे, पायऱ्या, ताणलेली जाळी. मधे रस्ता. कुठे काही घासत नव्हते. कुठे काही अडत नव्हते. दोन्ही शेजारी शेजारी असे बसले होते, जणू तसेच करून घेतले होते. मलाही तोवर ते माहीत नव्हते! कारण मला कायम पूर्ण आज नाहीतर पूर्ण उद्या असेच ठेवले होते. अर्धा आज आणि अर्धा उद्या असा कोणी ठेवलाच नव्हता.

"बसलं की!" मावशी म्हणाली.

मागच्या रांगांतली माणसे खुर्च्या सरकवत पुढे आली. अध्यक्षांचा चेहरा उतरला.

"मावशी, बाजूला व्हा. मॉडेलला हात लावायचा नाही."

"माझ्या घराला तुम्ही बुलडोझर लावणार, आणि तुमच्या खेळण्याला मी हात लावायचा नाही?"

"अहो, प्रात्यक्षिक अजून पूर्ण झालेलं नाही. दुसरा तुकडा ठेवा रे."

मावशीने गल्लीवर आपला पंजा आडवा धरला. तिची जाऊ आली, तिनेही धरला. ताई तोवर उद्याचा तुकडा उचलून उभी. हॉटेल, कारंजे, बाग, सगळे तिच्या हातात होते. तिने तो तुकडा सावकाश जमिनीवर ठेवला. त्या दोघांच्या बिलाचे पैसे मंडळाकडून यायचे होते, म्हणून दादा तिला कोपराने ढोसत होता. तिने लक्ष दिले नाही.

मावशी आर्किटेक्ट साहेबांकडे वळली. "तुम्ही शिकलेले आहात. खरं सांगा. तुमच्या स्टेडियमला माझं घर कुठं नडतंय?"

साहेब माझ्यापाशी आले. त्यांनी मला स्वतः आखली होती, तरी ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू पहिल्यांदाच बघत आहेत. अध्यक्ष खाकरले. साहेबांनी चष्मा काढला.

"स्टेडियमला नाही नडत," ते म्हणाले.

"मग कशाला नडतंय?"

"हॉटेलला. आणि दुकानांच्या इमारतीला."

झाले. एवढेच. पण ते वाक्य सभागृहाच्या भिंतीवर कोणी कोळशाने लिहावे तसे तिथे राहिले. आजवर सगळे सांगत होते, तुम्ही हटला नाहीत तर स्टेडियम होणार नाही, शहराचा खेळ बुडेल, पोरांचे भविष्य बुडेल. खोटे! धडधडीत खोटे! भविष्य बुडत नव्हते. एका हॉटेलचे कारंजे बुडत होते.

मित्रांनो, मी तुम्हाला गोड शेवट सांगून फसवणार नाही. त्या दिवशी काही टाळ्या वाजून निकाल लागला नाही. पुढे कितीतरी सभा झाल्या. मावशी प्रत्येक सभेला जाऊन एकच मागणी करायची: "त्या दिवशीसारखं मांडा." आणि प्रत्येक वेळी मला तसे मांडावे लागायचे. अखेर हॉटेल गेले शहराच्या दुसऱ्या टोकाला. दुकाने स्टेडियमच्या पोटातच झाली. गल्ली राहिली. पण सगळी नाही. आगीचा बंब वळायला जागा हवी म्हणून टोकाची काही घरे गेली. ती मागणी खरी होती, मावशीनेही ते मान्य केले. त्या घरांत तिच्या जावेचा मुलगा राहायचा. त्याला दुसरीकडे खोली मिळाली, बरी मिळाली, पण तिथे जाळी ताणायला समोरचे दार नाही. ताईने ती घरे माझ्या अंगावरून सुरीने खरवडून काढली तेव्हा तिची मान वर झाली नाही. मग तिने माझे ते दोन तुकडे, नवे स्टेडियम आणि जुनी गल्ली, सरस लावून कायमचे जोडले.

खरे स्टेडियम उभे राहिले आणि माझे काम संपले. कार्यालयात माझ्या जागी चित्रे दाखवणारा मोठा पडदा आला. मला इथे वाचनालयाच्या जिन्याखाली आणून ठेवले. माझे बरेच दिवे गेले. भुशाचे गवत उडाले. एका टोकाला कोणीतरी छत्री टेकवून ठेवते. पण पहिल्या सामन्याच्या दिवशी काय झाले ते ऐका. खिडकी उघडी होती. दुपारची वेळ. अचानक दुरून एक आवाज आला. आधी मला वाटले पाऊस. मग वाटले भिंत पडली. तो माणसांचा आवाज होता, हजारो गळ्यांचा, एकदम! वाचनालयातली माणसे पुस्तके खाली ठेवून खिडकीशी गेली. कोणीतरी म्हणाले, "गोल झाला वाटतं." मी जिन्याखाली थरथरत होते. एवढा मोठा आवाज माझ्या आकाराच्या पोटातून निघतो? मी त्याची टेबलाएवढी सावली होते, आणि मला कधी कळलेच नव्हते मी कशाची सावली आहे. आणि त्या आवाजाच्या अगदी शेजारी, रस्त्यापलीकडे, बायका दारात बसून गाठी मारत असतील, हे मला माहीत होते. मला माझा अभिमान वाटला, मित्रांनो. आजवर वाटला नव्हता एवढा.

माझी धूळ पुसा असे मी सांगणार नाही. पुसलीत तर बरे, नाही पुसलीत तरी चालेल. माझे मागणे वेगळे आहे. एक दिवस तुमच्याही शहरात कोणीतरी असेच मॉडेल घेऊन येईल. दिवे लागतील. पूल असेल, विमानतळ असेल, माझ्यासारखे स्टेडियम असेल. तोंडाचा आ वासून बघा, लाजू नका. मोठे काही बघून ज्याला भारावून जाता येत नाही, तो माणूस कसला? पण मग खाली वाका. जिथे स्पंजची बाग चिकटवलेली असेल तिथे बोट ठेवा आणि मोठ्याने विचारा, इथे आज कोण राहते? ते म्हणतील, बोट काढ, मॉडेल खराब होईल. होऊ द्या खराब. उत्तर मिळेपर्यंत बोट काढू नका.