श्रावणराव गप्प बसले

तेल्हाऱ्याच्या श्रावणराव तायड्यांनी उभ्या जन्मात बारची पायरी चढली नव्हती. वडिलांनी छप्पन साली बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्या या घरात नुसत्या भिंतीवर टांगलेल्या नव्हत्या, पाळल्या जात होत्या. त्यामुळे साठी उलटल्यावर पोरीनं फोन करून बाबांना अमरावतीच्या बारमध्ये पाठवा म्हटलं, तेव्हा चतुराबाईंनी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि पुन्हा एकदा सांगायला लावलं. पौर्णिमानं पुन्हा तेच सांगितलं. बडनेरा रोडवर ‘नक्षत्र बार अँड फॅमिली रेस्टॉरंट’ आहे, तिथं शनिवारी संध्याकाळी गिटारची स्पर्धा आहे, मीही वाजवणार आहे आणि बाबांनी यायचं म्हणजे यायचं. फॅमिली हा शब्द ऐकून चतुराबाईंचा अर्धा राग उतरला. उरलेला अर्धा त्यांनी नवऱ्यासाठी राखून ठेवला आणि तिथं तोंड उघडायचं नाही अशी ताकीद देऊनच डबा बांधून दिला.

ताकीद उगीच नव्हती. श्रावणरावांनी नोकरी पंचायत समितीत केली, पण तालुक्यात त्यांची ओळख उत्तमरावांच्या भीमगीत पार्टीतले कोरसवाले हीच. उत्तमराव पुढे पेटी घेऊन बसायचे, श्रावणराव मागे. उत्तमरावांचा गळा खणखणीत आणि डोकं विसरभोळं. स्वतः लिहिलेल्या गाण्याचं तिसरं कडवं त्यांना हमखास आठवत नसे. म्हणून पार्टीत एक कायदा होता: पुढचा थांबला की मागच्यांनी गाणं उचलायचं. तो दम घ्यायला थांबला, खोकला आला म्हणून थांबला की शब्द विसरला, याची चौकशी करत बसायचं नाही. लोकांच्या लक्षात यायच्या आत धृपद धरायचं. गाणं पडू द्यायचं नाही.

वर्षानुवर्षं हेच केल्यामुळे ती सवय श्रावणरावांच्या अंगात मुरली होती. सभापती भाषणात अडखळले की पुढचं वाक्य श्रावणराव बोलून मोकळे. लग्नात भन्तेजी गाथा म्हणताना श्वासाला थांबले तरी यांचा आवाज पुढे निघालेला. लोक हसत, तेही हसत. पण एकदा भलतंच झालं. पौर्णिमा अकोल्याला कॉलेजात असताना स्नेहसंमेलनात गिटार घेऊन गायला उभी राहिली, मधेच थांबली, आणि मागच्या रांगेतून श्रावणरावांनी खड्या आवाजात मुखडा उचलला. सगळा हॉल हसला. पोरगी रडवेली होऊन आत गेली. त्यानंतर तिनं बापाला एकाही कार्यक्रमाला बोलावलं नाही. पुढे ती फार्मसी शिकली, तिवशाच्या सरकारी दवाखान्यात लागली, सुट्टीच्या दिवशी अमरावतीत, नागपुरात वाजवत राहिली. श्रावणरावांना ते मोबाइलवरच्या फोटोतून कळे. ते फोटो मोठे करकरून पाहत, आणि मनाला लागायचं. आता इतक्या वर्षांनी तिनं आपणहून बोलावलं होतं. यावेळी तिला खाली पाहायला लावलं तर पुन्हा कधी बोलावणं यायचं नाही, हे ते पक्कं जाणून होते.

अकोल्याला गाडी बदलून ते अमरावतीत उतरले तेव्हा स्टँडवर अंकुर मोटारसायकल घेऊन उभा होता. अंकुर म्हणजे पौर्णिमाचा धाकटा भाऊ, औषधकंपनीचा माल खपवत पाच जिल्हे फिरणारा. त्यानं आधी बापाला चहा पाजला आणि मग शब्द मागितला.

"बाबा, तिथं मोठमोठे लोक येऊन राहिले. ताईच्या वक्ताले तुमी काहीच करायचं नाही. टाळी बी नाही. कबूल?"

श्रावणरावांनी कबूल केलं. बाबासाहेबांची शपथ घ्यायला निघाले होते, पण बारमध्ये जायचं आहे हे आठवून नुसती मान हलवली.

नक्षत्रमध्ये गारवा होता, नारिंगी दिवे होते आणि भिंतीवरच्या टीव्हीत आवाज बंद करून क्रिकेट चाललं होतं. श्रावणरावांनी चहा मागितला. चहा नव्हता. मग लिंबूसोडा आला आणि सोबत ताटाएवढा मसाला पापड. शेजारच्या टेबलावर बाटल्या होत्या, पण माणसं सभ्य होती. एकानं तर उठून काकांना पंख्याखालची खुर्ची दिली. बार म्हणजे शिवीगाळ असं धरून आलेले श्रावणराव जरा सैलावले.

पौर्णिमा पाया पडायला आली. साधा कुडता, केस बांधलेले, कपाळावर घाम. तिनं बापाला हाताला धरून मंचासमोरच्या टेबलावर आणून बसवलं.

"बाबा, इथंच बसजा. माह्या वक्ताले कुठी उठून जाऊ नका. आन् माह्याकडेच पाहजा."

पोरीला अजून धाक वाटतो आहे असा श्रावणरावांनी याचा अर्थ घेतला. त्यांना वाईट वाटलं. तरी त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवून काही काळजी करू नको असं सांगितलं. तिला घाई होती, ती गेली.

स्पर्धा सुरू झाली. निवेदिका हसतमुख होती. तिनं नियम सांगितले: प्रत्येकानं एकच रचना वाजवायची, आणि समोरच्या लोकांना जो सोबत घेईल त्याला त्याचेही गुण मिळतील. मोर्शीचा एक केसाळ पोरगा पहिला आला. त्याची बोटं अशी काही पळत होती की डोळ्यांना दिसेनात. मधे त्यानं हात वर केला तसा सगळा बार त्याच्यासोबत गायला लागला. गाणं सगळ्यांच्या ओळखीचं होतं. श्रावणरावांच्याही होतं. पण त्यांनी दात घट्ट मिटले. अंकुरनं समाधानानं बापाकडे पाहिलं. दुसरा आला, त्यानं डोळे मिटून काहीतरी इंग्रजी वाजवलं, ते बरंच लांबलं. आणि मग पौर्णिमाचं नाव पुकारलं गेलं.

ती खुर्चीवर बसली, तारा दोनदा छेडल्या आणि पहिली ओळ वाजवली. श्रावणरावांच्या हातातला पापड खाली पडला. ती उत्तमरावांची चाल होती. ‘पाटीवरल्या अक्षरानं घर उजळलं माझं.’ उत्तमरावांनी स्वतःच्या मुलीला शाळेत घातलं त्या वर्षी लिहिलेलं, गावोगावच्या चौकांत चौदा एप्रिलला गायलेलं. उत्तमराव जाऊन तीन वर्षं झाली होती. हे गाणं कुठल्या कॅसेटवर नव्हतं, मोबाइलवर नव्हतं. पोरीनं लहानपणी पार्टीच्या मागे सतरंजीवर पेंगत ऐकलं असेल तेवढंच. आणि आता ते सहा तारांवर, इतकं हळू, इतकं स्वच्छ. श्रावणरावांचे डोळे भरून आले. बाटल्यांची टेबलंही गप्प झाली होती.

ओळ दोनदा फिरली. तिसऱ्यांदा ती चढली आणि जिथं कोरस यायचा नेमक्या तिथंच पौर्णिमाचा हात थांबला.

ती विसरली.

श्रावणरावांच्या पोटातून आवाज उठला. तो उठायला त्यांची परवानगी लागतच नव्हती. अंकुरनं टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला. श्रावणरावांना दुसरं काही सुचेना. त्यांनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, मोठा घोट घेतला आणि तो गिळला नाही. तोंडात पाणी धरून, गाल फुगवून ते बसून राहिले. पौर्णिमा त्यांच्याकडेच पाहत होती. ती क्षणभर थांबली, अजून थोडी थांबली, मग तिनं पुढचं कडवं घेतलं.

कडव्याच्या शेवटी ती पुन्हा तिथंच अडकली. यावेळी श्रावणरावांनी मान खाली घातली. आपण पाहिलं तर पोरीला आणखी लाज वाटेल, असं त्यांना वाटलं. समोर बराच वेळ काही वाजलं नाही. कोणीतरी खुर्ची सरकवली. मग तिनं घाईघाईनं गाणं संपवलं आणि लोकांनी बऱ्यापैकी टाळ्या वाजवल्या. श्रावणरावांनी पाणी गिळलं. त्यांना स्वतःचा अभिमान वाटत होता. आयुष्यात पहिल्यांदा गाणं पडताना पाहून ते गप्प बसले होते.

निकालात पौर्णिमाचं नाव नव्हतं. पहिला नंबर मोर्शीच्या पोराला गेला. परीक्षक म्हणाले की तायडे मॅडमचा हात फार सुरेल आहे, पण मधे मधे जागा रिकामी राहते, ती भरायला हवी. पौर्णिमानं हसून मान डोलावली आणि गिटार खोळीत घातली.

बाहेर, गाड्या लावल्या होत्या तिथं, श्रावणरावांनी तिला गाठलं. नंबराचं काही मनावर घेऊ नको, असं दोनतीनदा म्हणून झालं. मग त्यांना राहवलं नाही. मी एक शब्दही काढला नाही, तू पाहिलंस ना, असं त्यांनी तिला विचारलं. शाबासकी हवी होती त्यांना, खोटं कशाला सांगायचं.

पौर्णिमा स्कूटीच्या सीटवर टेकली.

"पाह्यलं," ती म्हणाली. "बाबा, मी विसरली नव्हती. ते जागा तुमची होती."

श्रावणरावांना काही उमगेना. अंकुरला उमगलं, तो किल्ली चाचपत उगाच दुसरीकडे पाहू लागला.

"मंग सांगतलं काहून नाही?" श्रावणराव म्हणाले.

"काय सांगू? तुमाले कोणी सांगतलं होतं का आजवर? मी थांबली की तुमी उचलताच. त्याच भरवशावर बसवलं होतं गाणं."

त्यांनी अंकुरला दिलेल्या शब्दाचं सांगितलं नाही. पोराला कशाला गोवायचं? ते फक्त कॉलेजातल्या त्या दिवसाबद्दल पुटपुटले, की तुला फार लाज आणली होती मी.

"आली होती लाज. एकोणीस वर्षांची होती मी," पौर्णिमा म्हणाली. "पण तवा मी खरंच विसरली होती, बाबा. नंतर बी लय खेपा अडकली, लय ठिकाणी. कोणीच उचललं नाही."

श्रावणराव उभे होते तिथंच एका गाडीला धरून उभे राहिले. बारमधून लोक बाहेर येत होते, गाड्या काढत होते, एकमेकांना हाका मारत होते. शेवटी त्यांनी खोळीकडे बोट दाखवलं आणि एकदा वाजवशील का म्हणून विचारलं.

इथं कुठं, असं ती म्हणाली नाही. तिनं स्कूटीवर बसूनच गिटार काढली. चाल सुरू झाली, दोनदा फिरली, तिसऱ्यांदा चढली आणि तिचा हात थांबला. श्रावणरावांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. ओठ नुसते हलत होते. त्यांनी पोरीकडे पाहिलं, ओशाळून.

पौर्णिमानं वाट पाहिली नाही. तिनं लगेच धृपद उचललं, मोठ्यानं, पार्टीत उचलतात तसंच, आणि गाड्या काढणारी माणसं वळून पाहू लागली. पुढच्या फेरीला मात्र श्रावणरावांनी तिला एकटीला गाऊ दिलं नाही.